अकरा लिटर चारशे

वाचकहो, भांडण कसं करावं हे माझ्याकडून शिका! आवाज चढवायचा नाही, हातवारे करायचे नाहीत. मोजायचं. ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मी तेच केलं. मोजलेल्या गोष्टीशी कुणी भांडू शकत नाही, असं माझं ठाम मत होतं.

दिवा स्टेशनजवळच्या माझ्या घराचं छत गळत होतं. राहणारी मी एकटी. पलंगाच्या वर बुरशी अशी पसरलेली, की घर तिच्या नावावर आणि मी भाडेकरू! वर ठमाबाई राहतात. ही इमारत जिथे उभी आहे ते पूर्वी त्यांचं भातशेत. बदल्यात त्यांना वरचा मजला मिळाला, शिवाय त्यांच्या जुन्या विहिरीवरून स्वतंत्र पाइपलाइन. गळत होती ती तीच. मी तीनदा तक्रार केली. दर वेळी उत्तर एकच.

"करू गो! तू जेवलीस का?" आणि हातात बोंबलाच्या कालवणाची वाटी.

शेवटी मी गळतीखाली बादली ठेवली आणि मोजलं. रोज सरासरी अकरा लिटर चारशे मिलिलिटर. एकेचाळीस दिवसांचा तक्ता, आलेख आणि फोटो घेऊन कल्याणला वकिलांकडे गेले.

महेंद्र वकिलांनी आलेख उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, एवढा पुरावा मला खुनाच्या केसमध्येपण मिळत नाही!"

मी फुगले. पोस्टानं रीतसर नोटीस गेली.

चौथ्या दिवशी दारात ठमाबाई. नवी साडी, हातात पेढ्यांचा पुडा!

"घे बाय, तोंड गोड कर! कोर्टाची नोटीस आली!"

"आणि... पेढे?"

"मंग? शीळफाट्याच्या जमिनीची केस बावीस वर्सं चाललीय. सासरे वाट बगत गेले. वकिलाचा शिक्का बगितला नि समजले, निकाल लागला! माजा चष्मा फुटलाय. तू शिकलेली, वाच. मोठ्यानं वाच गो!"

अर्धा पेढा माझ्या तोंडात होता, अर्धा हातात. दुसऱ्या हातात माझीच नोटीस.

"माझ्या अशिलाच्या..." मी सुरुवात केली.

"अशील म्हंजे कोन?"

"मी."

"तू कशी? शेत आमचं!"

"...शयनगृहाच्या छतातून, आपल्या निष्काळजीपणामुळे, प्रतिदिन अकरा लिटर चारशे मिलिलिटर..."

वाक्यं माझीच होती. वकिलांनी फक्त 'निष्काळजीपणा' घातला होता.

ठमाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पुडा नीट बंद केला.

"मी वरशी तुला जेवलीस का इचारत होते, नि तू खाली बादलीत मोजत होतीस?"

दोन दिवसांत प्लंबर आला. गळती बंद! मी वहीत लिहिलं, शून्य. जिंकले!

तेव्हा एक किरकोळ बाब ध्यानात आली. आमच्याकडे पालिकेचं पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेनं. भांडी, लादी, संडास, माझं सगळं चाललं होतं ते त्या अकरा लिटर चारशेवर! तक्त्यात 'आवक' असा रकाना होता. 'वापर' हा रकाना मी केलाच नव्हता.

पुढच्याच आठवड्यात पालिकेची मोठी पाइपलाइन फुटली. पाच दिवस नळाला नुसती शिट्टी. सहाव्या दिवशी बादली घेऊन मी वर गेले. ठमाबाईंनी दार उघडलं. नाकावर नवा चष्मा.

"पानी होय? पोस्टानं पाठवू का?"

"माझं चुकलं, ठमाबाई."

"मोजायचं भांडं आनलंस? आन जा. मोजून ने. उद्या थेंब जास्ती गेला तर परत नोटीस यायची माज्यावर!"

आता मी रोज सकाळी वर जाते. अकरा लिटर चारशे, थेंबही जास्त नाही. वहीत मी सही करते, मग त्या करतात. निघताना मी दारात उगाच रेंगाळते, चपलेत पाय नीट बसत नसल्यासारखं करते. जेवलीस का, असं कुणी विचारत नाही.

तो उरलेला अर्धा पेढा फ्रीजमध्ये आहे. खाववत नाही, परतही करता येत नाही. आता त्यालाही बुरशी आलीय. परवा मी त्याचं वजन केलं. सात ग्रॅम.

दुसरं काय करायचं असतं, ते मला येत नाही!