बायकोच्या रक्ताचं वेळापत्रक

"महिन्याभरात तुझं रक्त अकरावर नेतो की नाही बघ!" बस डेपोतल्या टाइमकीपरने बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

बायकोला सहावा महिना होता आणि हिमोग्लोबिन साडेनऊ. ते अकराच्या आत राहिलं, तर बाळंतपण गल्लीतल्या दवाखान्यात नाही, थेट शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळात, अशी तंबी नर्सबाईंनी दिली होती. गल्लीतल्या दवाखान्यात बायकोची सख्खी बहीण कामाला होती. तिला सोडून दुसरीकडे जायचं म्हटलं की बायकोला रडूच फुटायचं.

दवाखान्यात गरोदर बायकांसाठी भरणाऱ्या आहाराच्या वर्गाला बायकोऐवजी हाच गेला. दहा गरोदर बायकांत एकटा पुरुष, पण बसला ऐटीत पहिल्या बाकावर! लोहाची गोळी, पालेभाज्या, डाळी, अंडी, जोडीला लिंबू, सगळं लिहून घेतलं. आणि चहा? जेवणाच्या नि गोळीच्या आगेमागे तासभर बंद, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही! घरी येताच त्याने भिंतीवर वेळापत्रक डकवलं. दिवसातून सहा वेळा खाणं!

"अहो, यात चहाला जागाच नाही!" बायको कळवळली. चहा म्हणजे तिचा जीव की प्राण.

"दोन गाड्या एकाच वेळी आल्या तर काय करतात? एक रद्द! एवढं कळत नाही?"

"कळलं," बायको म्हणाली.

मग रोज हा घरी आला की ताट झाकलेलं. "हे उरलंय," बायको सांगायची. अन्न टाकणं याच्या जिवावर यायचं. बिचारा निमूटपणे सगळं फस्त करायचा.

महिन्याने गल्लीतल्या दवाखान्यात तपासणी झाली. "नऊ!" नर्सबाई म्हणाल्या.

"यंत्र बिघडलंय तुमचं!" तो कडाडला. "माझं रक्त तपासा बघू!"

बोटाला सुई टोचली. साडेपंधरा!

नर्सबाई बायकोकडे वळल्या. "खरं सांगा, जेवत होता ना?"

"चहाची आणि जेवणाची वेळ एकच आली की एक रद्द करायचं होतं. मी जेवण रद्द केलं."

"आणि गोळी?"

"ती एकदाही चुकवली नाही! चहाबरोबरच घ्यायचे."

टाइमकीपरने कपाळावर हात मारला.

"अजून दोन महिने आहेत," नर्सबाई म्हणाल्या. "चहा दोनच कप, दोन जेवणांच्या मधोमध. गोळी लिंबूपाण्याबरोबर. आणि जेवायचं तुम्ही, यांनी नाही!"

बायकोचे डोळे भरून आले. "मग होईल ना माझं बाळंतपण इथे?"

"अकरा भरलं की होईल. तुमच्या यजमानांची मात्र काही अडचण नाही. ते इथे आजसुद्धा बाळंत होऊ शकतात!"