माऊस पुसला, एवढंच

माऊसचं चाक इतकं मळलं होतं की मला राहवेना. लेक कडेवर, ओलं फडकं हातात, आणि मी घासायला घेतलं. तेवढ्यात लेकीचा पाय कीबोर्डच्या कोपऱ्यावर पडला (पाय नऊ महिन्यांचा, पण जोर पैलवानाचा). ती दाबतेय, मी घासतेय. वर बघते तर पडदा काळाठिक्कर!

आमचे हे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. नव्या कार्यक्रमाचे सगळ्यांचे स्वर त्यांनी सहा दिवस खपून याच कॉम्प्युटरवर लिहिले होते, इंग्रजी पद्धतीने, काळे गोळे आणि त्यांना काड्या. चारला येऊन छापणार, सहाला कार्यक्रम. आत्ता वाजले होते सव्वातीन.

उजेड यावा म्हणून दिसेल ते बटण दाबलं. दिसत काही नाही, पण आतून आवाज यायचा, ‘पों’. दुसरं दाबलं, पुन्हा ‘पों’. सात बटणं, सात ‘पों’. ओल्या फडक्याने सर्दी झाली की काय? (लेक झाल्यापासून मला आधी आजारपणच सुचतं.)

मग नणंदेला फोन लावला. त्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतात.

“वन्सं, गेला हो!”

“कोण गेला?”

“कॉम्प्युटर!”

“अगं बाई, जीव काढलास माझा! दिसतंय काय?”

“काळं. तव्यासारखं.”

“बाण हलतोय का?”

“हलतोय.”

“मग धडधाकट आहे. कोपऱ्यातलं कंट्रोलचं बटण दाबून धर आणि चाक स्वतःकडे फिरव.”

“चाकानेच तर घात केला!”

“फिरव म्हणते ना!”

फिरवलं. काळ्याला कडेने पांढरं फुटलं. मग काळा गोळा झाला, गोळ्याला काडी आली, काडीला शेजारी आले, आणि बघता बघता अख्खं पान समोर! म्हणजे पान फुगलं होतं आणि इतका वेळ मी एकाच स्वराच्या पोटात बसून रडत होते. सगळं जागच्या जागी दिसलं. पुन्हा पळून जाऊ नये म्हणून सेव्हचं बटण दोनदा दाबलं आणि लेकीचे इतके पापे घेतले की तीच रडायला लागली.

हे आले, छापलं, गेले. परत आले ते हसतच.

“तिसऱ्या पानावर एक जागा आहे. सात स्वर, भलतीकडेच उड्या मारतात. मी कधी लिहिले आठवत नाही, पण टाळ्या थांबेनात! बँडचे मास्तर म्हणाले, असं सुचायला डोकं लागतं.”

सात? मी बोटांवर मोजलं. ते माझे ‘पों’! दाबलेलं प्रत्येक बटण स्वर होऊन पानावर बसलं होतं.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? सुचतं कधीकधी, म्हटलं.”

खरं सांगायचं तर फडक्यापासून सांगावं लागलं असतं. मी जेवायला वाढलं.

आता मास्तरांनी तशाच आणखी दोन जागा मागितल्यात. दोन दिवस हे हनुवटीला हात लावून पडद्यासमोर बसलेत. काल लेकीला घेऊन जरा जवळ गेले, तर म्हणाले, “तू लांब बस बघू. हे डोक्याचं काम आहे.”