बारा पाकिटं आणि पाच दिवसांची रजा

कामाने खचून जातात ती नियोजन नसलेली माणसं! माझं तसं नाही. तैपेईत नऊ वर्षं प्रोग्रॅम लिहितोय, अजून ठणठणीत आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातले दिवे मालवले की टेबलावर उशी टाकून झोपतो, संध्याकाळी सहाला खुर्ची सोडतो. यंदा तर पाच दिवसांची रजा काढली, तीन वर्षांतली पहिली. बायको श्यु-फेनने बजावलं होतं, "या वेळी ऑफिसचा फोन आला तर मी एकटीच पुढे जाईन."

म्हणजे माझ्यामागे सर्व्हर रुसता कामा नये. त्यावर आमच्याकडे रामबाण उपाय आहे: मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट सर्व्हरवर ठेवायचं. हिरवंच हवं, कारण मशीनचा हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक; आणि तारीख उलटलेली नको. खाऊच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग', मग मशीनही तसंच वागतं. लोक एकच ठेवतात. पण पाच दिवसांच्या रजेला एक पाकीट कसं पुरणार? मी बारा आणली. वरची जागा संपली तेव्हा उरलेली मागे, बाजूला, फट दिसेल तिथे गच्च बसवली. हात जोडले आणि स्टेशन गाठलं.

समुद्रकाठच्या ताइतुंगची गाडी यायला दहा मिनिटं होती आणि आमच्या साहेब लियाओबाईंचा फोन आला. सर्व्हर तापून बंद पडला होता. श्यु-फेनने स्वतःची बॅग उचलली आणि एकटीच फलाटाकडे निघाली.

ऑफिसात सगळे सर्व्हरसमोर हात जोडून उभे होते. एकजण तर आणखी पाकिटं आणायला खाली धावला होता! मला मात्र एका नजरेत कळलं. हवा जायच्या सगळ्या फटी मीच बुजवल्या होत्या. एकाग्रता हवी म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं, अकरा पाकिटं बॅगेत कोंबली, एक वर राहू दिलं आणि मशीन चालू केलं.

लियाओबाई थक्क झाल्या. "तीन मिनिटांत? केलंस तरी काय?"

खरं सांगितलं असतं तर रजा वाचली असती आणि अब्रू गेली असती.

"अनुभव," मी म्हटलं.

"मग यापुढे तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही. रजेवर जा, पण कॉम्प्युटर बरोबर ने. आणि फोन उचलत जा."

आज ताइतुंगमधला तिसरा दिवस. कॉम्प्युटर मांडीवर आहे, लियाओबाईंचा सकाळपासूनचा सातवा फोन चालू आहे, आणि तब्येत एकदम उत्तम! हॉटेलसमोरच समुद्र आहे म्हणे. श्यु-फेन रोज संध्याकाळी खोलीवर येऊन सांगते, आज कसा होता ते.