बाटली नसलेलं घर

दिघोरीत गोपीचंदइतका निर्व्यसनी माणूस दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट कुणाला शोधून काढावी लागत नसे. तो स्वतःच सांगत फिरायचा. त्याच्या मुलीच्या, चंद्रकलाच्या सोयरिकीची बोलणी तर याच एका गुणावर पुढे सरकली होती. मुलगा जवाहरनगरला कारखान्यात नोकरीला. त्याचे वडील मधुकरराव तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "बाकी काही पाहात नाई मी. पन पिणाऱ्याच्या घरची पोरगी नाई करत."

"आमच्या घरात दारूची बाटली दिसली तं माह्या मिशा उतरवा," गोपीचंद म्हणाला होता.

रविवारी पाहुणे मुलगी बघायला येणार होते. त्यांच्या स्वयंपाकासाठी लाकडं फोडताना कुऱ्हाड निसटली ती थेट पायाच्या अंगठ्यावर आली. गोपीचंदने हळद-चुना दाबला, फडकं बांधलं. शनिवारी सकाळी पाय कोहळ्यासारखा सुजला आणि अंगात ताप भरला.

"दवाखान्यात चला जी," त्याची बायको शकुनबाई म्हणाली.

"इवायासमोर असा लंगडत जाऊ?" होणारे व्याही त्याच दवाखान्यात होते.

"मंग उद्या त्याहीच्यासमोर भुईवर पडून रायसान काय?"

त्या काळी सरकारी दवाखान्यात पातळ औषध हवं असेल तर बाटली आपली न्यावी लागे. गोपीचंदच्या घरात बाटली एकच, आणि तीत घासलेट. बाटल्यांची चंगळ होती ती शेजारच्या बाबूलालकडे. शकुनबाईने त्याच्या बायकोकडून एक रिकामी मागून आणली, विसळली, पिशवीत टाकली आणि दोघं एसटीत बसली.

डॉक्टरांनी जखम धुतली, सुई टोचली, पट्टी बांधली आणि तापाचं लाल औषध लिहून दिलं. औषधाच्या रांगेत उभं राहून त्याने बाटलीचं बूच काढलं, तसा मोहाच्या दारूचा भपकारा डोक्यात गेला.

"कोनाची बाटली हे?"

"बाबूलालच्या घरची. काहून?"

"वास घे."

शकुनबाईने वास घेतला आणि पदर नाकाला लावला. "मी तं धुतली होती."

खिडकीत मधुकरराव बसले होते. प्रत्येकाची बाटली तोंडाजवळ नेत, क्षणभर थांबत आणि मगच औषध ओतत. गोपीचंद नळाकडे लंगडत गेला, तर पट्टी भिजेल म्हणून सिस्टरने हाकलून दिलं. शेवटी त्याने मन घट्ट केलं आणि बाटली मुद्दाम हातातून सोडली. फुटली की प्रश्न मिटला.

ती पडली त्याच्याच अंगठ्यावर. तिला ओरखडाही आला नाही. गोपीचंदने मात्र अशी बोंब ठोकली की अख्ख्या रांगेला पाझर फुटला.

"याले पुढं जाऊ द्या बाप्पा," म्हणत लोकांनी त्याला धरून थेट खिडकीशी नेलं. कुणीतरी बाटलीही उचलून आत सरकवली.

"इवाई, तुमी?" म्हणत मधुकररावांनी ती तोंडाजवळ नेली आणि थांबले. जरा जास्तच थांबले. गोपीचंदला डोळ्यांसमोर चंद्रकला दिसली. उद्यासाठी मैत्रिणीच्या बांगड्या मागून आणून ती सकाळपासून हातात घालून बघत होती. त्याला राहवेना.

"दारू माही नाई जी," तो भडाभडा बोलला. "बाबूलालच्या मोहाची हाये. आमच्या घरी रिकामी बाटलीच नाई, मनून मागून आनली."

मधुकररावांनी बाटली खाली घेतली.

"मी तं आत कचरा हाये का पाहून राहिलो होतो. फिनाइलनं माहं नाक कवाच गेलं. मले कायचाच वास येत नाई."

शकुनबाईने कपाळावर हात मारला. मधुकररावांनी औषध ओतलं, बूच लावलं. "उद्या येतो," एवढंच म्हणाले. त्या दोन शब्दांत काय आहे ते गोपीचंदला रात्रभर उलगडलं नाही.

रविवारी ते आले. मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली, गोपीचंदचे डोळे भरून आले. निघताना मधुकररावांनी त्याला कोपराला धरून गोठ्यामागे नेलं.

"इवाई, बाबूलालचं घर कोणतं?"

गोपीचंद म्हणाला, "पन तुमी तं पिणाऱ्याच्या घरची पोरगी नको मनत होते."

"मंग? आमच्या घरी एक हाये ना पिणारा, मी. तेवढा पुरे."

इवायाचा शब्द मोडता येत नाही. निर्व्यसनी गोपीचंद लंगडत लंगडत पुन्हा बाबूलालकडे बाटली मागायला गेला, या वेळी भरलेली.