आपलं ते कार्टं

रेनांटेने फोनवर आईला पुन्हा एकदा बजावलं, की बोटीवर इस्त्री आणायची नाही, भाताचा कुकर आणायचा नाही आणि देवापुढे लावायची मेणबत्तीही आणायची नाही. दारातच काढून घेतात. औषधं मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत, कारण ती बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते आणि रक्तदाब काही तोवर वाट बघत बसत नाही. पोटात ढवळलं तर आल्याचा तुकडा चघळायचा आणि लांब समुद्राच्या रेघेकडे बघत राहायचं. जिन्यात कठडा धरायचा. जेवणाच्या हॉलमध्ये सगळं एकाच ताटात रचायचं नाही, जेवण पळून जात नाही.

"आणि शेवटचं," तो म्हणाला, "मला घरच्यासारखं टोटो म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"काहीच नको म्हणूस. तू मला ओळखतच नाहीस."

पुरिता ही फिलिपिन्समधल्या इलोइलोकडच्या गिंबाल गावची, चर्चच्या दारात तांदळाचे गोड केक भाजून विकणारी बाई. मुलगा रेनांटे सिंगापूरहून सुटणाऱ्या एका प्रवासी बोटीवर खोल्या आवरायच्या कामाला होता. थोरली डेलिया सिंगापुरात नर्स होती, तिने आईच्या साठीनिमित्त त्याच बोटीचं तिकीट काढलं. आता कंपनीचा नियम असा, की कामगाराच्या नातेवाइकाला त्याच्याच बोळातली खोली द्यायची नाही. रेनांटेने खोल्या वाटणाऱ्या मित्राला घरच्या सुक्या आंब्याचं पाकीट देऊन तो नियम जरासा बाजूला सरकवला होता. मायलेकांचं आडनाव एकच, पण त्या आडनावाची माणसं बोटीवर पायलीला पन्नास होती, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

एवढी लपवाछपवी उगाच नव्हती. खोल्या आवरणाऱ्यांवर एक नवा मुकादम नेमायचा होता आणि ही फेरी संपताना त्याचं नाव जाहीर व्हायचं होतं. मुकादमाला पगार थोडा जास्त मिळतो, पण रेनांटेचा डोळा पगारावर नव्हता. मुकादमाचा करार लहान असतो आणि त्याला नाताळला घरी जाता येतं. रेनांटेचे मागचे चार नाताळ परक्यांच्या चादरी बदलण्यात गेले होते. पुरिता दर नाताळला जेवणाच्या टेबलावर त्याचं ताट मांडायची आणि दरवेळी ते कोरंच उचलून ठेवायची. या वर्षी ते उष्टं व्हावं एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

बोटीवर आल्यावर तिने सगळे सल्ले मनापासून पाळले. बोट धक्क्याला बांधलेली होती तेव्हापासूनच ती आलं चघळत होती. संकटाच्या वेळी काय करायचं याची तालीम झाली, तेव्हा दिलेलं फुगीर जाकीट तिने जेवणाच्या वेळेपर्यंत अंगातून काढलं नाही. रेनांटेला मात्र तिने ओळख दाखवली नाही. तो दारात आला, "खोली आवरू का मॅडम?" म्हणाला, ती "आवरा" म्हणाली, आणि दार बंद झाल्यावर तिने त्याला इतक्या जोरात मिठी मारली की त्याच्या नावाची पट्टी वाकली.

सकाळ-संध्याकाळ तो आवरायला यायचा तेवढीच दोघांची भेट. त्यातला निम्मा वेळ चादरीत जाणार हे पुरिताला दुसऱ्याच वेळी कळलं, म्हणून तो यायच्या आधी तीच बिछाना घालून, मोरी पुसून मोकळी व्हायला लागली. मग तो आला की त्याला खुर्चीत बसवायचं, हॉलमधून रुमालात बांधून आणलेलं काहीबाही समोर ठेवायचं आणि तो खाताना बघत बसायचं. पिनांगला सगळी बोट उतरून गाव बघायला गेली तरी ती खोलीतून हलली नाही. तिला बघायचं होतं ते खुर्चीत बसून खात होतं.

पहिल्यांदा बोटीवर जाणाऱ्याला लोक शंभर सल्ले देतात, पण खऱ्या उपयोगाचा सल्ला कुणी देत नाही. तो असा, की तिथे कुणी "कसं काय चाललंय?" म्हणालं, तर तो माणूस खरोखर उत्तर ऐकायला थांबलेला असतो. खोल्यांच्या खात्याचा प्रमुख कालोयानिस नावाचा एक उंच, गंभीर ग्रीक होता. तो बोळातून फिरत पाहुण्यांची विचारपूस करायचा. पुरिताला त्याने विचारलं, की खोलीचा मुलगा कसा काय आहे.

आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण गिंबालमध्ये उलटी चालते. आपल्या पोराला परक्यासमोर चांगलं म्हणणं म्हणजे, तिकडच्या भाषेत, आपण बसलेला बाक आपणच डोक्यावर घेऊन मिरवणं. लोक हसतात, आणि पोराला दृष्ट लागते ती वेगळीच. पुरिताने साठ वर्षांत असला अगोचरपणा कधी केला नव्हता.

"असतो आपला," ती म्हणाली. "जरा झोपाळू आहे. लहानपणी तर... म्हणजे लहानपणापासूनच असणार, तोंडावरून दिसतं."

तासाभरात तिच्या खोलीत माफीदाखल फळांची टोपली आली आणि तिच्यामागोमाग तोंड उतरवून रेनांटे आला.

"नानाय, तू काय सांगितलंस त्यांना?"

"काही वाईट नाही सांगितलं. मग काय मीच तुझे गोडवे गाऊ?"

"गा ना. इथं तू माझी आई नाहीस. तू खोलीतली बाई आहेस."

"हो का? मग माझ्या पोटात कोण होतं, खोलीतला मुलगा?"

शेवटी रेनांटेने तिच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं: रेनांटेचं काम उत्तम आहे. पुरिता केस विंचरताना तेच घोकत होती. पण दरवेळी 'उत्तम'पाशी जीभ अडायची आणि हात आपोआप कपाळावर क्रूस करायला जायचा. दुसऱ्या दिवशी कालोयानिस स्वतः खोलीत आला. त्याच्या मागे रेनांटे हात बांधून उभा होता. काही सुधारणा आहे का, असं साहेबाने विचारलं.

"रेनांटेचं काम," पुरिताने सुरुवात केली. मग तिची नजर मुलाच्या चेहऱ्यावर गेली. तो किती वाळला होता. असल्या पोराला सगळ्यांदेखत उत्तम म्हटलं, तर बोटीवरच्या हजार माणसांतली एखादी तरी नजर लागल्यावाचून राहणार नव्हती. "चालवून घेण्यासारखं आहे," ती म्हणाली. तरीही जरा जास्तच बोलून गेले असं वाटून तिने पुस्ती जोडली, की आज निदान नखं तरी कापून आलाय.

कालोयानिस भला माणूस होता. आपल्या माणसाची बाजू घ्यावी म्हणून त्याने बिछान्याकडे बोट दाखवलं. बिछाना तर सुरेख घातलाय, तो म्हणाला, एक सुरकुती नाही. रेनांटेने मागून आईला मान हलवून खुणावलं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण दुसऱ्याच्या नावावर खपणारं आपलं काम कोणती बाई मुकाट्याने बघेल?

"तो मी घातलाय," पुरिता म्हणाली.

"तुम्ही?"

"रोज मीच घालते. तो बसतो. दमलेला असतो ना. मग मी त्याला खायला देते."

कालोयानिसचा जन्म समुद्रावर गेला होता. त्याने वादळं पाहिली होती, बोटीला लागलेली आग पाहिली होती. पण पाहुणी बिछाना घालतेय आणि खोलीचा मुलगा खुर्चीत बसून जेवतोय, हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याने पुरिताची इतक्या तऱ्हांनी माफी मागितली, की तिला रडूच यायला लागलं. मग त्याने जाहीर केलं, की मॅडमना ताबडतोब वरच्या मजल्यावरची, सज्जा असलेली खोली मिळेल, विनामूल्य. पुरिता म्हणाली मला इथंच बरं आहे. तो म्हणाला हा तुमचा मोठेपणा. ती म्हणाली तुमचे पाय धरते हवं तर, पण मला इथून हलवू नका. बाई फारच भिडस्त आहे, अशी त्याची खात्री पटली आणि त्याने तिची बॅग वर पाठवून दिली.

रेनांटेला खोल्यांवरून काढून जिन्याचे पितळी कठडे घासायला लावलं. पुरिताने ते ऐकलं आणि ती लिफ्ट सोडून जिन्याने चढ-उतार करू लागली, तेवढंच लेकाचं तोंड दिसेल म्हणून. जिन्यात कठडा धरायचा हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे त्याने वरपासून खालपर्यंत लखलखीत केलेल्या पितळेवर तिच्या आल्याच्या बोटांचे ठसे उमटत जायचे, आणि तो पुन्हा वरून सुरुवात करायचा.

वरच्या खोलीला वायान नावाचा बालीचा मुलगा होता. कामसू, हसरा. टॉवेल दुमडून त्याचं माकड करून ठेवायचा. त्याच्या बाबतीत पुरिताच्या जिभेला काहीच बंधन नव्हतं, कारण तो दुसऱ्याचा होता. दुसऱ्याच्या पोराला हातचं राखून चांगलं म्हणणं हा तर गिंबालमध्ये कद्रूपणा समजतात. तिने कालोयानिसला सांगितलं, की पोरगा सोनं आहे, कुणा पुण्यवान बाईच्या पोटी आलाय. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या जोडप्याला सांगितलं. कप्तानाने पाहुण्यांना भेटायला बोलावलं, तेव्हा बाकीचे त्याच्याबरोबर फोटो काढत होते आणि पुरिता त्याला वायानच्या हाताची सफाई समजावून सांगत होती.

"वर कसं आहे?" रेनांटेने जिन्यात विचारलं. फडकं फिरवता फिरवता, तिच्याकडे न बघता.

"खोली मोठी आहे रे, पण ओकीबोकी. पोरगा तेवढा गुणी आहे. वायान नाव."

फडकं थांबलं. "त्याच्याबद्दल कुणाला काही बोललीस?"

"सगळ्यांना. कप्तानाला पण."

"नानाय, मुकादम आम्हा दोघांतूनच निवडायचाय. तो नाहीतर मी."

पुरिताच्या डोळ्यांसमोर ते कोरं ताट आलं. मग ती थेट कालोयानिसच्या ऑफिसात गेली. वायानला दिलेलं कौतुक परत घेणं शक्य नव्हतं. कुणाच्या लेकराच्या पोटावर पाय देण्यातली ती नव्हती. तेव्हा आपल्याच पोराला चांगलं म्हणणं एवढा एकच मार्ग उरला होता. साहेबाने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तो कान देऊन बसला.

"तो रेनांटे," ती म्हणाली. तिच्या मनात काय काय होतं. बाप गेल्यावर हा पोरगा एका रात्रीत मोठा झाला होता. डेलियाच्या शिक्षणाला यानेच पैसे पाठवले होते. आईला फोन केल्याशिवाय याचा एक रविवार जात नव्हता. यातलं काही सांगायचं तर आपण कोण हे सांगावं लागलं असतं, आणि मग नियम मोडल्याबद्दल त्याची नोकरीच गेली असती. म्हणून दृष्ट लागणार नाही इतका लहानसा गुण ती शोधू लागली. बराच वेळ शोधल्यावर तिला एक सापडला.

"जेवतो छान," ती म्हणाली.

कालोयानिसने डोळे मिटून घेतले. "म्हणजे तो अजून तुमच्याकडे जेवायला येतो?"

शेवटच्या संध्याकाळी वायानचं नाव जाहीर झालं. कालोयानिस मुद्दाम वर येऊन पुरिताला सांगून गेला, की तुमच्यासारख्या कडक पाहुण्यांचं मत आम्ही फार मोलाचं मानतो, आणि या वेळी तेच कामी आलं. पुरिताने त्याचे आभार मानले. तो गेल्यावर ती सज्ज्यात जाऊन मनसोक्त रडली. आपल्याच तोंडाने आपण पोराचा नाताळ घालवला होता, आणि तोही चांगलं वळण सांभाळून.

उतरायच्या दिवशी तिची बॅग न्यायला रेनांटेच आला. कामाची पाळी बदलून घेतलीस का, असं तिने विचारलं, तर तो हूं म्हणाला. नाताळचं विचारलं, तर पुढच्या वर्षी बघू म्हणाला. तो चिडला नव्हता, याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. दोघं लिफ्टपाशी उभी होती, तेवढ्यात मागून वायान धावत आला. त्याच्या छातीवर नवी कोरी पट्टी होती.

"मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिले," तो म्हणाला. "तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ना, तसं माझी आईसुद्धा आजवर कधी बोलली नाही. घरी गेलं की सुरूच. काळा पडलास, वाळलास, अक्कल कधी येणार तुला."

"मग काय बोलेल?" पुरिता म्हणाली. "आई आहे ना ती. मी परकी बाई. मला सोनं म्हणायला काय जातंय?"

वायान हसला, नमस्कार करून कामाला गेला. रेनांटे मात्र बॅगेचा पट्टा हातात धरून तसाच उभा राहिला होता. मग त्याने आईकडे पाहिलं, ती बोटीवर आल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच उघडपणे.

"नानाय," तो म्हणाला, "मला एकंदर किती नावं ठेवलीस गं?"

"तोंड दुखेपर्यंत," पुरिता म्हणाली. "आणि अजून संपली नाहीत. केस बघ किती वाढवलेत, भिकाऱ्यासारखे. खांदे पाड अजून, म्हणजे म्हातारा दिसशील."

लिफ्ट येईपर्यंत ती बोलत राहिली, आणि तो मान खाली घालून पोटभर ऐकत राहिला.