मुरलीधर म्हेत्रे यांची मंडळी

लेखक वारला तर त्याची भुतं कुणाच्या नावावर होतात? तलाठ्याला विचारलं, तर तो चष्मा पुसत बसला. प्रकाशकाला फोन लावला, तर त्याला आवाजच येईना. वकिलानं, भुतं जंगम धरायची की स्थावर, असं उलट मलाच विचारलं.

माझा थोरला भाऊ मुरलीधर म्हेत्रे भुतांच्या कादंबऱ्या लिहायचा. एखादं भूत लिहून झालं, की त्याच दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी राहायला यायचं. आधीच्यांनी सरकून जागा करायची, एवढा एकच नियम होता.

सगळ्यात आधी विहिरीतली सगुणा आली. ती कायम ओली. जिथं बसेल तिथं थारोळं. सगुणा दुसऱ्यांदा गादीवर बसली त्या दिवशी वहिनींनी बॅग भरली. "सवत असती तर भांडले तरी असते," त्या म्हणाल्या. "ही नुसती ठिबकते." त्या माहेरी गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यानंतर पोस्टमन आला, स्वतःचं मुंडकं काखेत धरून. दादानं त्याला टोपी लिहिली होती, पण ती घालायची कशावर हे लिहिलं नव्हतं, म्हणून ती त्यानं खिशात ठेवली होती.

गावावर दादाचा फार परिणाम झाला. शाळेत बाई अजूनही प्रत्येक नाव दोनदा पुकारतात, कारण पोस्टमनच्या कादंबरीत पहिली हाक भुताची निघाली, तेव्हापासून पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. चिंचेखालचा एसटीचा थांबा ओढ्यापलीकडं नेला. खरं तर दादाच्या कुठल्याच पुस्तकात चिंचेखाली काही घडलेलं नव्हतं. त्यानं एका ठिकाणी एवढंच लिहिलं होतं, की चिंचेखाली अजून काही घडलेलं नाही.

गावात कुणाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की दादा भुतांना भयंकर भ्यायचा. आमचा संडास घरामागच्या परड्याच्या टोकाला आहे. अंधार पडला की दादा मला हातमागावरून उठवून न्यायचा. मी बाहेर उभा राहायचो. आतून तो दर मिनिटाला विचारायचा, "शिवा, आहेस ना?" मी म्हणायचो, "आहे."

एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, सगुणाला तूच लिहिलंस की!"

"म्हणूनच," दादा आतून म्हणाला. "ती काय काय करू शकते हे मला एकट्यालाच माहीत आहे."

दादा जेवताना ताटावरून उठला, एक वाक्य सुचलंय म्हणाला, टेबलाशी गेला आणि तिथंच गेला. कागदावर एवढंच होतं : 'तिनं कडीला हात घातला आणि'.

आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा ती दारात उभी होती. तिला दादानं अजून नावही दिलेलं नव्हतं. उजवा हात उचललेला, बोटं कडी धरल्यासारखी वाकलेली. हात खाली येईना. ती तशीच भिंतीशी उभी राहिली. सगुणा तिला डाव्या बाजूनं भरवायची.

दहाव्याला मी सगळ्यांना टेम्पोत घालून येरळेच्या घाटावर नेलं. गुरुजींनी विचारलं, "ही मंडळी कोण?"

"दादाची," मी म्हणालो.

"सुतक पाळलंय?"

"पाळलंय."

"मग पुरुषांनी मुंडण करून घ्या."

पोस्टमननं मुंडकं न्हाव्याच्या मांडीवर दिलं आणि स्वतः बाजूला विडी ओढायला गेला. ओढायला तोंड इकडं राहिलं हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. न्हावी म्हणाला, "गिऱ्हाईक असं असावं. मान वाकवा म्हणून ओरडावं लागत नाही."

पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते. एकही खाली येईना.

आत्या पुढं झाली. "मुरल्या, तुझी पुस्तकं मी रद्दीत घालणार नाही. घातली ती परत आणते." कावळा हलला नाही. पोस्टमननं हात जोडले. हात जोडायचे म्हणून मुंडकं माझ्याकडं दिलं. ते माझ्या हातातून म्हणालं, "साहेब, घरच्यांचं टपाल वेळेवर देईन." काही नाही. सगुणा म्हणाली, "गादीवर बसणार नाही." एक कावळा उडाला, पण पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाची काडी काढून कावळा वळायला घेतला. "खरा येत नसेल तर याचा स्पर्श चालतो. शास्त्रात सोय आहे."

मी तो दर्भ ओढून घेतला आणि नदीत फेकला. गुरुजींनी पिशवीतून दुसरी काडी काढली.

"गुरुजी, गवतानं नाही भागणार," मी म्हणालो. "खरा कावळा शिवला नाही तर दादा मागंच राहील."

"बरोबर."

"म्हणजे भूत होईल."

"तसंच असतं."

"आणि तो भुतांना भितो!" मी ओरडलो. "त्याला ह्यांच्यात राहायला लागेल. अंधारात. कायमचं!"

भुतांनी एकमेकांकडं पाहिलं. सगुणा हळूच म्हणाली, "आम्ही त्यांना काही करणार नाही हो." पोस्टमन म्हणाला, "तरी ते भिणारच. साहेबांचा स्वभाव."

आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली, "शिवा, त्या हात वर केलेल्या पोरीनं अजून काहीच सांगितलं नाही. तिला विचार की."

मी तिच्यापुढं गेलो. "तुला दादाला काय सांगायचंय?"

"सांगायचं काही नाही, विचारायचंय," ती म्हणाली. "दाराच्या पलीकडं कोण आहे? मी भुताटकी करू की घाबरू, हेच मला कळत नाही. खांदा भरून आलाय."

"दादानं काय ठरवलं होतं?"

"ठरवलं असतं तर मी तुला विचारलं असतं होय?"

मी तिसरीतून शाळा सोडली. त्यानंतर दुकानांच्या पाट्यांखेरीज मी काही वाचलेलं नाही, दादाची पुस्तकंही त्याच्याच तोंडून ऐकलेली; लिहिलेलं तर काहीच नाही. दादाच्या दारापलीकडं नेहमी काहीतरी वाईट असायचं, एवढं मला ठाऊक होतं. सगुणा म्हणाली, "दातवाला कुणी घाल, खपतं." पोस्टमन म्हणाला, "मृतदेह घाल. सरळ काम." गुरुजी म्हणाले, "जे घालायचंय ते लवकर घाला, मला अजून एक दहावा आहे."

पोस्टमनचं मुंडकं मांडीवर घेऊन मी ओल्या वाळूत बसलो. परड्यातला तो दरवाजा डोळ्यांपुढं आला. दादा आतून कडी काढायचा तेव्हा दार उघडण्याआधी थोडं थांबायचा. पलीकडं कोण असेल, अशी धास्ती त्याला रोज नव्यानं वाटायची. मग दार उघडायचा, मला बघायचा आणि म्हणायचा, "चल."

मी बोटानं वाळूत लिहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं :

'तिनं कडीला हात घातला आणि दार उघडलं. बाहेर तिचा धाकटा भाऊ उभा होता.'

"बस्स?" पोस्टमन म्हणाला. "यात भीती कुठाय?"

तिचा हात खाली आला. तिनं खांदा चोळला, बोटं उघडझाप करून पाहिली.

कावळा बाभळीवरून उतरला. माझ्या अक्षरांवरून चालत गेला, 'भाऊ' पुसला गेला, आणि त्यानं पिंडात चोच घातली. आत्यानं गळा काढला. मला रडायचं होतं, पण माझ्या हातात पोस्टमनचं मुंडकं होतं आणि ते आधीच रडत होतं. त्याचे डोळे मला पुसावे लागले.

गुरुजी म्हणाले, "झालं. आंघोळी करा."

संध्याकाळी घरी आलो. सगळी आपापल्या जागी बसली. सगुणा मोरीत बसली. मी सवयीनं दोन कप चहा केला. एक माझा, दुसरा बराच वेळ तसाच राहिला, मग पोस्टमननं घेतला. नरसाळं मानेत धरून त्यानं तो प्यायला.

दिवे लागले तशी ती भिंतीपासची उठली आणि माझ्यापाशी येऊन घुटमळली. दादाच्या हातची असल्यानं तिलाही अंधार सोसत नव्हता.

"परड्यात जायचंय," ती म्हणाली.

मी चपला घातल्या. टोकापर्यंत तिच्यापुढं चाललो. ती आत गेली, तिनं स्वतःच्या हातानं कडी लावली. मी बाहेर उभा राहिलो.

"आहेस ना रे?" आतून आवाज आला.

"आहे, ताई," मी म्हणालो.