मान न हलवणारे नाना

नानांना काहीही सांगा, त्यांचा चेहरा हलत नाही. धुळ्याच्या एका महाविद्यालयात त्यांनी हयातभर बुद्धिमापनाच्या चाचण्या घडवल्या. चाचणी घेणाऱ्याने मान डोलावली, की मुलाला उत्तराचा सुगावा लागतो आणि मोजमाप नासते, हा त्यांचा सिद्धान्त. निवृत्तीनंतर जळगावला आल्यावर तो त्यांनी घरातही लागू केला.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, भरीत वाढून विचारतात, "कसं शे?" नाना निर्विकार. मग अक्का माझ्याकडे वळतात. "पोरी, हाऊ मानूस जेवस का परीक्षा लेस, मालेच समजत नही."

मी नानांच्या मार्गदर्शनाखाली चाचण्यांच्या संख्याशास्त्रावर संशोधन करते. माझा प्रबंध देशभर वाचला जावा, ही महत्त्वाकांक्षा मी लपवत नाही. पण त्या न हलणाऱ्या मानेपुढे माझी प्रत्येक आकडेमोड अक्कांच्या भरतासारखीच दादेवाचून राहते.

कोणत्याही प्रश्नाला नानांचा अहिराणी प्रतिप्रश्न ठरलेला: "हाऊ प्रश्न काय मोजस?" म्हणजे, हा प्रश्न नेमके काय मोजतो? एकदा त्यांच्या ओसरीवर एका पाहुण्यांनी मला विचारले, "लग्न कधी?" नाना उत्तरले, "हाऊ प्रश्न काय मोजस? मुलीची तयारी, की तुमची उत्सुकता?" पाहुण्यांनी चहा अर्धा टाकला.

नाना सदस्य असलेल्या एका समितीने मुलांच्या चाचणीत सरकत्या जिन्याचे चित्र घातले होते. पिंपळनेरकडच्या पाड्यांवरची मुले त्यावर अडली. "मुलं कच्ची आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"मुलं नव्हे, तुमचा प्रश्न नापास," नाना म्हणाले. "हे चित्र तरी काढा, नाहीतर माझं नाव."

समितीने नाव काढले. नानांनी गल्लीत पेढे वाटले. लोक त्यांना चक्रम म्हणतात. म्हणोत, मला असाच चक्रमपणा साधायचा आहे.

या वर्षी अक्का गॅस बंद करायला विसरू लागल्या, मग माझे नाव. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. नाना हाताची घडी घालून बसले. जणू पत्नीची नव्हे, चाचणीचीच तपासणी होती.

"आजी, आज वार कोणता?"

"बाजारना," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी फुली मारताच नाना उसळले. "आमच्या मूळ गावचा बाजार आजच भरतो! उत्तर बरोबर आहे. तुमचा प्रश्न शहरी आहे."

डॉक्टरांनी हसून फुली खोडली. मग तीन शब्द सांगितले: चेंडू, झाड, घर. थोड्या गप्पा मारून त्यांनी ते परत विचारले.

"चेंडू... घर..." अक्का पदर चाळवू लागल्या.

मी नानांकडे पाहिले. ते या प्रश्नातला दोष शोधत होते. साधे शब्द, गावचे शब्द, पुरेसा वेळ. दोष सापडेना.

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिले. नानांनी सावकाश मान वळवली आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर नजर रोखली.

"झाड!" अक्का म्हणाल्या.

"सर, तुम्ही इशारा दिलात," डॉक्टर हळूच म्हणाले.

"दिला," नाना ताठ बसून म्हणाले. "तसं लिहा. त्याखाली माझं नाव लिहा."

अक्कांचे तिकडे लक्ष नव्हते. "बरोबर शे ना?" त्यांनी नानांना विचारले.

नानांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले.